येवल्याच्या तात्या टोपेंनी इंग्रजांची तार तोडली, पण लढाई फिरली ती जोडणीवर

येवला म्हटलं की पहिली आठवते ती पैठणी. दुसरी आठवते ती १३ ऑक्टोबर १९३५ ची सभा, जिथं बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली. आणि तिसरं नाव येतं तात्या टोपेंचं. १८५७ च्या उठावात इंग्रजांना सगळ्यात जास्त पळवणारा सेनापती नाशिक जिल्ह्यातल्या या गावचा.

तात्यांचा गनिमी कावा, झाशीच्या राणीला दिलेली साथ, शेवटी झालेली फितुरी, हे सगळं शाळेत वाचलेलं असतं. पण त्यांच्या गोष्टीत एक लोखंडी तारही आहे. ती कानपूरपासून त्यांच्या वाटेत येत राहिली आणि शेवटी एका रस्त्यावर तात्यांनी स्वतःच्या माणसांकडून ती तोडून घेतली.

गंमत म्हणजे ती तार ज्या रस्त्याच्या कडेनं जात होती, तोच रस्ता पुढं धुळे, मालेगाव, चांदवड करत नाशिकला येतो. म्हणजे तात्यांच्या जन्मगावापासून पन्नासेक किलोमीटरच्या आत.

तर ही गोष्ट नीट पहिल्यापासून बघू.

येवल्याचे रामचंद्र तात्या कसे झाले

तात्यांचं मूळ नाव रामचंद्र पांडुरंग. जन्म १८१४ च्या सुमाराचा, गाव येवला. घराणं देशस्थ ब्राह्मणाचं आणि वडील पांडुरंगराव हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी होते.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले. इंग्रजांनी त्यांना वर्षाला आठ लाखांचं पेन्शन दिलं आणि पुण्यापासून शक्य तितकं लांब पाठवलं. जागा ठरली कानपूरजवळचं गंगेच्या काठावरचं ब्रह्मावर्त, म्हणजेच बिठूर. बाजीरावांसोबत त्यांच्या पदरची मराठी कुटुंबंही निघाली, त्यात येवल्याचं हे कुटुंबही होतं.

म्हणजे पोरगं येवल्याचं, पण वाढलं गंगेकाठी. तिथं एक छोटं मराठी गावच वसलं होतं. बाजीरावांनी दत्तक घेतलेले धोंडोपंत, म्हणजे नानासाहेब, हेही तिथलेच. तात्या आणि नानासाहेब यांचं नातं तिथं घट्ट झालं.

टोपे हे नाव कसं पडलं याच्या दोन गोष्टी सांगतात. एक अशी की बाजीरावांनी खूश होऊन त्यांना रत्नजडित टोपी दिली. दुसरी अशी की त्यांचा तोफखान्याशी संबंध होता, म्हणून तोपचं टोपे झालं. खरी कुठली हे ठरवणं अवघड आहे, पण नाव मात्र असं चिकटलं की मूळ आडनाव मागंच पडलं.

१८५१ मध्ये बाजीराव वारले. लॉर्ड डलहौसीच्या सरकारनं नानासाहेबांना पेन्शन द्यायला नकार दिला. अर्ज झाले, विनंत्या झाल्या, विलायतेला माणूस पाठवून झाला, पण उपयोग शून्य. बिठूरच्या वाड्यात राग साठत गेला.

आणि नेमक्या याच वर्षांत हिंदुस्तानात एक नवी वस्तू उभी राहत होती.

डॉक्टरनं उभी केलेली तार

विल्यम ओशॉनेसी हा ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला डॉक्टर. त्याला विजेचा नाद होता. १८३९ मध्ये त्यानं कलकत्त्याजवळ तारेतून संदेश पाठवायचा प्रयोग केला. तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. पुढं डलहौसी गव्हर्नर जनरल झाला आणि त्याला या प्रयोगाचं मोल कळलं.

१८५१ पर्यंत कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लाईन तयार झाली. १८५३ च्या नोव्हेंबरात मोठं काम सुरू झालं. मार्च १८५४ मध्ये कलकत्त्याहून आग्र्याला संदेश गेला. १८५५ च्या फेब्रुवारीत सामान्य माणसालाही पैसे भरून तार करता येऊ लागली. कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास ही सगळी टोकं एका जाळ्यात आली.

आग्र्याहून मुंबईला येणारी तार ग्वाल्हेर, इंदूर अशी करत साधारण मुंबई-आग्रा रस्त्याच्या सोबतीनं खाली उतरली. लक्षात घ्या, तेव्हा आगगाडी नाशिकपर्यंतही आलेली नव्हती. म्हणजे आपल्या भागात आगगाडीच्या आधी तार पोचली.

विलायतेत तारा बारीक असायच्या. ओशॉनेसीनं इथं मुद्दाम जाड लोखंडी तार वापरली, साधारण पेन्सिलीएवढ्या जाडीची. कारण इथं वादळं, माकडं, मोठाले पक्षी, पावसाळा. बारीक तार टिकली नसती.

पण तार कितीही जाड असली तरी ती हजार मैल लांबीची एकसंध येत नाही. ती तुकड्यातुकड्यानं येते आणि हे तुकडे जोडावे लागतात.

सगळा खेळ सांध्याचा

वीज तारेतून सुखानं जाते. अडते ती जोडावर. दोन तारांची टोकं नुसती एकमेकांना पिळली तर सुरुवातीला काम चालतं. मग पाऊस पडतो, जोडात पाणी शिरतं, लोखंड गंजतं. गंजाचा पापुद्रा विजेला अडवतो. तार दिसायला अखंड असते, पण दुसऱ्या टोकाला काटा हलत नाही.

म्हणून त्या काळी तारा जोडायची एक पक्की पद्धत अशी होती: दोन्ही टोकं शेजारी ठेवायची, त्यावरून बारीक तार घट्ट गुंडाळायची आणि वरून डाख द्यायचा. हवा आणि पाणी आत शिरता कामा नये, एवढाच उद्देश.

आज हेच काम वायरमन वेगळ्या पद्धतीनं करतो. वायरचं टोक सोलून तो ते धातूच्या लगमध्ये घालतो आणि क्रिंपिंगच्या पकडीनं दाबतो. दाब इतका बसतो की वायरचे पदर आणि लग यांच्यात हवेलाही जागा राहत नाही, मग डाखाची गरजच उरत नाही. पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे. तसली मॉडेल रेल्वे घरी उभी करणाऱ्या कुठल्याही हौशी माणसाला विचारा. टेबलावर छान गाड्या पळतात, पण टेबलाखाली वायरींचं जंगल असतं. गाडी एखाद्या ठिकाणी अडली की रूळ, इंजिन सगळं तपासून शेवटी नजर वळते एखाद्या ढिल्या जोडाकडे.

१८५७ मध्ये हेच सगळं हजारो मैलांवर पसरलेलं होतं. रूळावर खेळण्यातल्या गाड्यांच्या जागी पलटणी होत्या आणि तारेच्या टोकाला कलकत्त्यातला गव्हर्नर जनरल बसला होता.

उठाव झाला आणि तारेवर पहिला घाव पडला

१० मे १८५७ ला मेरठला शिपाई उठले. मेरठ-दिल्ली तार बंद पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीच्या तारऑफिसातला चार्ल्स टॉड बिघाड बघायला बाहेर पडला आणि मारला गेला. त्याच्या हाताखालच्या दोन पोरांनी मात्र पळून जायच्या आधी अंबाल्याला खबर दिली. तिथून ती पंजाबात गेली. तिथल्या इंग्रज अधिकाऱ्यांना हालचालीला वेळ मिळाला आणि त्यांनी कित्येक पलटणींची हत्यारं काढून घेतली.

उठाव करणाऱ्यांनाही या वस्तूची ताकद समजली होती. जिथं जिथं उठाव झाला तिथं तारा तोडल्या गेल्या, खांब उपटले गेले. इंग्रजांच्या नोंदींत असंही आहे की तारेचे तुकडे करून ते बंदुकीत छर्ऱ्यासारखे वापरले आणि खांबांच्या पोकळ लोखंडी बैठकींच्या छोट्या तोफा केल्या. ज्यांच्याकडे दारूगोळ्याचे कारखाने नव्हते, त्यांच्यासाठी ही तार म्हणजे आयता कच्चा माल होता.

जूनमध्ये कानपूर उठलं. नानासाहेब पुढारी झाले आणि तात्या त्यांच्यासोबत होते. पुढं सतीचौरा घाटावर नावेत बसून निघालेल्या इंग्रजांवर गोळ्या चालल्या. जुलैमध्ये बीबीघरात बायका-मुलांची कत्तल झाली. या घटनांनी इंग्रज सूडानं पेटले आणि त्यांनीही गावंच्या गावं जाळली, माणसं झाडांना लटकवली. कानपूरचा डाग इंग्रजांनी तात्यांच्या नावावरही लावला. पण पुढं त्यांच्यावर खटला चालला तेव्हा आरोप वेगळाच होता. तो पुढं येईल.

जुलैमध्ये हॅवलॉकनं कानपूर परत घेतलं. नानासाहेबांच्या फौजेला उतरती कळा लागली आणि इथून तात्या खऱ्या अर्थानं पुढं आले.

कानपूरला तार नव्हती तेव्हा काय झालं

शिंद्यांच्या ग्वाल्हेरला इंग्रजांच्या तालमीत तयार झालेली एक फौज होती, ग्वाल्हेर कंटिंजंट. तिनं उठाव केला होता, पण पुढं काय करायचं ते ठरत नव्हतं. तात्या गेले आणि ही फौज आपल्या बाजूला घेऊन काल्पीला आले.

नोव्हेंबर १८५७. इंग्रजांचा सरसेनापती कॉलिन कॅम्पबेल लखनौला अडकलेला. कानपूर सांभाळायला जनरल विंडहॅम. तात्यांनी नेमका हा मोका साधला. २६ ते २८ नोव्हेंबरच्या लढाईत त्यांनी विंडहॅमला मागं रेटलं आणि कानपूर शहर ताब्यात घेतलं.

लखनौ ते कानपूर हे अंतर शंभर किलोमीटरच्याही आत. पण कॅम्पबेलला कित्येक दिवस कानपूरची खबरच नव्हती. लांबून तोफांचे आवाज आले तेव्हा त्याला कळलं की मागं काहीतरी पेटलंय. तो धावत परतला आणि ६ डिसेंबरला त्यानं तात्यांचा पराभव केला. पण काही दिवस तरी इंग्रजांचा सरसेनापती आंधळा झाला होता आणि त्याचा फायदा तात्यांनी पुरेपूर उचलला.

पुढच्या वेळी इंग्रजांनी ही चूक केली नाही. १८५८ च्या सुरुवातीला कॅम्पबेल पुन्हा लखनौवर निघाला तेव्हा पॅट्रिक स्टुअर्ट नावाचा तरुण इंजिनिअर फौजेबरोबर तार टाकत निघाला. फौज जिथं थांबेल तिथं तारेचं टोक. गव्हर्नर जनरल कॅनिंग अलाहाबादला बसून लढाईच्या मैदानाशी बोलत होता. हिंदुस्तानात असं आधी कधी झालं नव्हतं.

झाशीची टेकडी

मार्च १८५८ मध्ये ह्यू रोजनं झाशीला वेढा घातला. राणी लक्ष्मीबाईंनी मदत मागितली आणि तात्या सुमारे वीस हजारांची फौज घेऊन निघाले.

इथं रोजकडे तार नव्हती, पण खबर लवकर कळली पाहिजे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं एका उंच टेकडीवर माणसं बसवली आणि निशाणांनी इशारे द्यायची व्यवस्था केली. ३१ मार्चला निशाणं हलली. उत्तरेकडून मोठी फौज येतेय.

रोजनं वेढा न उठवता दीड हजाराच्या आसपास माणसं काढली आणि १ एप्रिलला बेतवा नदीजवळ तात्यांच्या फौजेवर चाल केली. तात्यांची पहिली फळी मोडली. दुसऱ्या फळीला निसटता यावं म्हणून जंगलाला आग लावून तात्या नदीपार झाले. तोफा गेल्या आणि झाशीही वाचली नाही.

या लढाईतून तात्या एक गोष्ट शिकले असं त्यांच्या पुढच्या वागण्यावरून दिसतं. इंग्रजांसमोर समोरासमोर उभं राहण्यात अर्थ नाही.

पण त्याआधी त्यांनी एक असा डाव टाकला की इंग्रज हादरले. कूंचला हार झाल्यावर तात्या गुपचूप ग्वाल्हेरला गेले आणि जयाजीराव शिंद्यांच्या फौजेतली माणसं फोडली. १ जून १८५८ ला लक्ष्मीबाई, रावसाहेब आणि तात्या ग्वाल्हेरसमोर आले तेव्हा शिंद्यांची बहुतेक फौज त्यांना येऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याला पळाले. किल्ला, खजिना, तोफखाना सगळं हातात आलं.

तात्यांच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सगळ्यात मोठी जोडणी. पण ती पुरते तीन आठवडेही टिकली नाही. रोज धावून आला, लक्ष्मीबाई लढता लढता पडल्या आणि ग्वाल्हेर गेलं. २२ जूनला जावरा-अलीपूरला नेपियरनं तात्यांच्या उरलेल्या तोफाही घेतल्या.

इंग्रजांना वाटलं, संपलं. खरा पाठलाग तर आता सुरू होणार होता.

दहा महिने, अर्धा डझन जनरल

जून १८५८ ते एप्रिल १८५९ असे जवळपास दहा महिने तात्या पळत होते आणि इंग्रज मागं होते. रॉबर्ट्स, होम्स, पार्क, मिशेल, सदरलँड, मीड अशी नावांची यादी लांबत गेली.

आधी राजपुताना. जयपूरकडे जायचं होतं, वाट अडली. टोंक, मग बनास नदी. १४ ऑगस्टला बनासकाठी लढाई झाली, त्याच्या आदल्या रात्री तात्या नाथद्वाऱ्याला दर्शनाला गेले होते. मग पूर आलेली चंबळ ओलांडून झालरापाटण. तिथं तोफा मिळाल्या, पैसा मिळाला. सप्टेंबरात राजगढला त्या तोफा गेल्या. पुन्हा सिरोंज, पुन्हा तोफा, पुन्हा पराभव.

प्रत्येक वेळी तेच. तोफा जायच्या, माणसं पांगायची, तात्या निसटायचे. आणि काही दिवसांनी भलत्याच ठिकाणी नवी फौज घेऊन उभे राहायचे. ओझं टाकायचं, घोडं वाचवायचं, हा जुना मराठी घोडदळाचा शिरस्ता. तात्यांची खबर हलकारे आणि सांडणीस्वार आणायचे, गावकरी सांगायचे. एका भागापुरती ही व्यवस्था उत्तम होती. पण माळव्यातल्या माणसाला नागपुरात आज काय चाललंय हे कळायला कित्येक दिवस जायचे.

इंग्रजांची फौज घोड्यावर तात्यांना गाठू शकत नव्हती. त्यांनी वेगळं केलं. इंदूर, महू, ग्वाल्हेर अशी ठाणी धरून ठेवली. तात्या इकडे दिसले, तिकडच्या तुकडीला पुढं सरकव, असं मोहरा हलवावा तसं काम चालू झालं. तुकड्या थकल्या की ताज्या तुकड्या पुढं यायच्या. तात्यांची माणसं मात्र तीच होती.

चाळीस वर्षांनी घराच्या इतक्या जवळ

ऑक्टोबर १८५८ च्या अखेरीस तात्यांनी सगळ्यांना चकित केलं. रावसाहेबांना घेऊन ते नर्मदा ओलांडून दक्षिणेत उतरले.

मुंबईत आणि मद्रासेत धावपळ उडाली. कारण साधं होतं. रावसाहेब नानासाहेबांचे पुतणे. पेशव्यांच्या घरातला माणूस फौज घेऊन मराठी मुलखाच्या उंबरठ्यावर आला होता. वर्षभर आधी आला असता तर काय झालं असतं, या कल्पनेनंच इंग्रजांना घाम फुटत होता.

पण वर्ष उलटलं होतं. तात्या तापीच्या उगमाशी, मुलताईला थांबले. भोसल्यांचं नागपूर चारच वर्षांपूर्वी खालसा झालेलं, तिथून प्रतिसाद येईल अशी आशा होती. तो आला नाही. दक्षिणेच्या वाटांवर पहारे बसले. आणि नेमकं १ नोव्हेंबरला अलाहाबादला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, शरण येतील त्यांना माफी. लढून थकलेल्या माणसासाठी ही मोठी ओढ होती.

तात्या पश्चिमेला वळले आणि होळकरांच्या निमाडात, खरगोनला आले. तिथून येवला सरळ रेषेत सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर. १८१८ नंतर येवल्याचं हे कुटुंब उत्तरेला गेलं होतं. चाळीस वर्षांनी त्यातला मुलगा फौजेसह इतक्या जवळ आला होता.

आणि इथं एक विचित्र गोष्ट बघा. त्याच काळात येवल्यापासून फार लांब नाही, सिन्नर-नांदूर शिंगोटे भागात भागोजी नाईकांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला होता. सेंधव्याच्या घाटात, म्हणजे याच मुंबई-आग्रा रस्त्यावर, खाज्या नाईकांनी सरकारी खजिना लुटला होता. भिल्ल पेटले होते. म्हणजे माणसं होती, राग होता, जागा एकमेकांपासून शे-दोनशे किलोमीटरवर. पण यांना एकत्र बांधणारं काही नव्हतं. प्रत्येक जण आपल्या डोंगरात एकटा लढला आणि एकटा संपला.

तार तोडली तो दिवस

नोव्हेंबर १८५८ च्या उत्तरार्धात खरगोनहून निघून तात्यांची फौज मुंबई-आग्रा रस्त्यावर आली. कडेला तारेचे खांब होते. तात्यांच्या माणसांनी तार तोडली. रस्त्यानं सरकारी सामानाच्या गाड्या चालल्या होत्या, त्याही लुटल्या. ही हकीकत पुढं तात्यांच्या स्वतःच्या जबाबातही आली.

तार तोडायला किती वेळ लागला असेल? दोन माणसं, एक कुऱ्हाड, काही मिनिटं. त्या क्षणी मुंबई आणि आग्रा यांच्यातला हा थेट धागा तुटला.

आता इथं थोडं थांबून विचार करा. तार तोडणाऱ्याला वाटतं आपण शत्रूला आंधळं केलं. पण तार तुटली ही सुद्धा एक खबरच असते. एका ठाण्याचा संदेश पुढच्या ठाण्याला पोचत नाही म्हणजे बिघाड या दोघांच्या मधे आहे, हे लगेच कळतं. वादळ नाही, पाऊस नाही, आणि तात्या खरगोनकडे असल्याची बातमी आहे. मग तार कोणी तोडली हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दुसरं म्हणजे तार दुरुस्त होते. नवा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकं साफ करायची, सांधा घट्ट बांधायचा, झालं. त्यासाठी माणसं नेमलेली, सामान ठेवलेलं, पगार ठरलेला. इंग्रजांची खरी ताकद या नेमलेल्या माणसांत होती. एक सांधा तुटला की दुसरा बांधणारा तयार असायचा.

त्या रस्त्यावर मेजर सदरलँडची तुकडी होतीच. त्यातले काही हायलँडर शिपाई उंटांवर बसून धावले. राजपूरजवळ गाठ पडली. तात्यांनी आपल्या जवळच्या तोफा सोडल्या आणि नर्मदा पुन्हा ओलांडली. इंग्रज काठावर आले तेव्हा तात्या पलीकडे होते.

निसटणं तात्यांना जमलं. पण दक्षिणेचा दरवाजा कायमचा बंद झाला. येवला मागं राहिलं.

शेवटचा सांधा तुटला

पुढं बडोद्याकडे जायचा बेत होता. १ डिसेंबरला छोटा उदेपूरला पार्कनं गाठलं. मग बांसवाड्याचं जंगल, प्रतापगढ. जानेवारी १८५९ मध्ये दिल्लीच्या बादशाही घराण्यातला फिरोजशहा येऊन मिळाला. २१ जानेवारीला सीकरला शेवटचा मोठा फटका बसला. फौज अशी उरलीच नाही. रावसाहेब आणि तात्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या.

तात्या दोन-चार माणसांसह पारोणच्या जंगलात आले. तिथं नरवरचा मानसिंग होता. शिंद्यांनी त्याची जहागीर बळकावली म्हणून तोही रानात फिरत होता. तात्यांना त्याचा भरवसा वाटला.

मेजर मीडनं तात्यांच्या मागं धावणं सोडलं आणि मानसिंगाला धरलं. घरच्या माणसांना अभय, जिवाची हमी, जहागिरीची आशा. एप्रिलच्या सुरुवातीला मानसिंग इंग्रजांकडे गेला. ७ एप्रिलच्या रात्री तात्या झोपेत असताना त्यानं शिपाई नेऊन त्यांना पकडून दिलं.

दहा महिने अर्धा डझन जनरलना जे जमलं नाही, ते एका ओळखीच्या माणसानं एका रात्रीत केलं.

१० एप्रिलला तात्यांचा जबाब घेतला. त्यात त्यांनी आपण कुठं कुठं गेलो, काय काय केलं, हे सरळ सांगितलं. त्यातच त्या तारेचा उल्लेख आहे. १५ एप्रिलला शिवपुरीला लष्करी कोर्टासमोर खटला चालला. आरोप कानपूरच्या कत्तलीचा नव्हता, इंग्रज सरकारविरुद्ध बंड आणि युद्ध केल्याचा होता. तात्यांचं म्हणणं साधं होतं. आपण आपल्या धन्याचे, नानासाहेबांचे हुकूम पाळले. इंग्रजांची चाकरी आपण कधी केली नाही, मग त्यांच्याशी बेइमानी कसली?

या प्रश्नाला कोर्टाकडे उत्तर नव्हतं, शिक्षा मात्र तयार होती. १८ एप्रिल १८५९ च्या संध्याकाळी शिवपुरीला तात्यांना फाशी दिली.

फाशी गेला तो माणूस तात्या नव्हताच, असंही सांगणारे आहेत. ते आधीच लढाईत पडले, किंवा निसटून गेले आणि साधू म्हणून जगले, अशा कथा आहेत. अशा कथा का तयार होतात हे समजणं अवघड नाही. जो माणूस इतक्या वेळा हातातून निसटला, तो शेवटी सापडला हे लोकांच्या मनाला पटत नाही.

मग हरलं काय?

तात्या शूर होते, चलाख होते, थकत नव्हते. इंग्रज इतिहासकारांनीही त्यांच्या पळण्याचं कौतुक केलं. मग घोडं अडलं कुठं?

फौज कमी पडली असं म्हणता येत नाही, कारण ती ते पुन्हा पुन्हा उभी करत होते. तोफाही पुन्हा पुन्हा मिळत होत्या. कमी पडलं ते एका ठिकाणची ताकद दुसऱ्या ठिकाणी पोचवणारं काहीतरी. ग्वाल्हेर पेटलं तेव्हा नागपूर थंड होतं. तात्या खरगोनला आले तेव्हा सातपुड्यातले भिल्ल आपली लढाई लढून थकले होते. सिन्नरचे भागोजी नाईक आणि निमाडातले तात्या हे एकाच शत्रूशी लढत होते, पण एकमेकांच्या ताकदीचा त्यांना उपयोग झाला नाही.

इंग्रजांकडेही चुका होत्या, हेवेदावे होते, आळस होता. पण त्यांच्या चुका एका ठिकाणी झाल्या की दुसऱ्या ठिकाणी कळत होत्या आणि भरून निघत होत्या.

उठाव संपल्यावर इंग्रजांनी तारेचं जाळं झपाट्यानं वाढवलं. पुढं आगगाडी मनमाडवरून गेली आणि तिच्या कडेनंही तारा आल्या. याच तारेवरून पुढच्या पिढ्यांना नोकरीचे हुकूम, मयताच्या बातम्या, लग्नाच्या शुभेच्छा मिळाल्या. दारात तारवाला दिसला की घरातल्या बायका आधी रडायला लागायच्या. जुलै २०१३ मध्ये सरकारनं तार सेवा बंद केली आणि सुमारे एकशे साठ वर्षांचा हा धागा संपला.

आज मुंबई-आग्रा रस्त्यानं गाडी सेंधव्याच्या पुढं गेली की जुलवानिया, ठिकरी अशी गावं लागतात. हॉटेलं, ट्रक, टोलनाके. याच पट्ट्यात कुठंतरी येवल्याच्या माणसानं मुंबईची तार तोडली होती. ती पुन्हा जोडली गेली. तात्यांच्या बाजूचे तुटलेले धागे जोडायला मात्र कुणी उरलं नव्हतं.